ओटीटीच्या चढाओढीत घरचा हिशेब कसा बसवावा

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी डिस्ने प्लस हॉटस्टार आणि जिओसिनेमा ही दोन ॲप एकत्र होऊन जिओहॉटस्टार सुरू झाले, तेव्हा फोनवरचे चिन्ह बदलले एवढेच बहुतेकांच्या लक्षात आले. मराठी प्रेक्षकासाठी मात्र ही घटना बरीच मोठी होती, कारण स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या दोन स्पर्धक वाहिन्यांच्या मालिका तोवर वेगवेगळ्या ॲपवर दिसत असत आणि आता दोन्हींचे दुकान एकच झाले. त्याच्या वर्षभर आधी, २२ जानेवारी २०२४ रोजी, सोनी आणि झी यांचे ठरलेले विलीनीकरण मोडले. ते पार पडले असते तर सोनी मराठी आणि झी मराठी याही एकाच छताखाली गेल्या असत्या.

स्पर्धेमुळे ग्राहकाचा फायदा होतो हे खरे असले, तरी तो फायदा जागचा हलणाऱ्या ग्राहकाच्या पदरात पडतो. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातला बेसिक प्लॅन ४९९ रुपयांवरून १९९ रुपयांवर आणला आणि त्याच महिन्यात ॲमेझॉनने प्राइमची वार्षिक वर्गणी ९९९ रुपयांवरून १,४९९ रुपयांवर नेली. एकाच बाजारात एकाच महिन्यात एक दर उतरतो आणि दुसरा चढतो, याचा अर्थ कोणाचाही दर कायमचा स्वस्त किंवा कायमचा महाग नसतो. तरीही आपण ओटीटीची वर्गणी विजेच्या बिलासारखी भरत राहतो. वार्षिक प्लॅन, ऑटोपे (म्हणजे खात्यातून आपोआप होणारी वजावट), रिचार्जसोबत मिळणारी ‘मोफत’ वर्गणी आणि दोन भागांत तोडून आणलेल्या वेब मालिका हे सगळे डाव आपण हलू नये यासाठीच टाकलेले असतात. ते ओळखून घरचा खर्च कसा बसवायचा, याची रीत पुढे दिली आहे. उदाहरणादाखल घेतलेले दर त्या-त्या वेळी जाहीर झालेले आहेत; पैसे भरताना ॲपमधला चालू दर पाहून तोच हिशेबात धरावा.

सुरुवात ॲपपासून करू नये

घरात कोण काय पाहते हे आधी कागदावर लिहावे आणि ते कोणत्या ॲपवर आहे हे त्यानंतर शोधावे. क्रम उलटा झाला की ‘एवढ्या पैशांत केवढे काही आहे’ या जाहिरातीला आपण भुलतो. मराठीपुरते बोलायचे तर हिशेब सोपा आहे: स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीसाठी जिओहॉटस्टार, झी मराठीसाठी झी५, सोनी मराठीसाठी सोनीलिव्ह. मराठी चित्रपट मात्र विखुरलेले असतात. काही प्राइम व्हिडिओवर, काही झी५ वर, तर काही प्लॅनेट मराठी किंवा अल्ट्रा झक्कास यांसारख्या केवळ मराठीसाठी निघालेल्या ॲपवर सापडतात. कोणता चित्रपट कुठे आहे हे शोधण्यासाठी जस्टवॉच हे संकेतस्थळ उपयोगी पडते, परंतु लहान मराठी ॲपची नोंद त्यावर असेलच असे नाही, म्हणून अशा चित्रपटांचा शोध त्या ॲपमध्ये जाऊन वेगळा घ्यावा.

यादी झाली की तिच्यातल्या दैनंदिन मालिकांपुढे एक प्रश्न लिहावा: केबल किंवा डीटीएचचे पैसे आपण भरतो आहोत का? भरत असाल तर त्या मालिकेचे पैसे दिले गेलेलेच आहेत, आणि ॲपची वर्गणी ही केवळ वेळ चुकली तर नंतर पाहता यावी किंवा टीव्हीच्या आधी भाग दिसावा यासाठी दिलेली जादा रक्कम आहे. कामावरून रात्री उशिरा घरी येणाऱ्याला ती सोय मोलाची वाटेल. दिवेलागणीपासून टीव्हीसमोर बसणाऱ्या आजीला तिचा उपयोग नाही.

मोफत मिळणाऱ्या गोष्टीही याच वेळी बाजूला काढाव्यात. प्रसार भारतीचे वेव्ह्ज हे ॲप २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातल्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुरू झाले आणि त्यावरचा बराचसा भाग विनाशुल्क आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲमेझॉनकडे आलेला एमएक्स प्लेयर जाहिरातींच्या बदल्यात फुकट दिसतो. यूट्यूबवर निर्मात्यांनी स्वतःच्या अधिकृत चॅनलवर टाकलेले जुने मराठी चित्रपट आहेतच.

हक्क एका जागी राहत नाहीत

एखाद्या ॲपवर ‘सगळे असते’ म्हणून त्याची वर्षानुवर्षे वर्गणी भरणारे पुष्कळ आहेत. आयपीएल अनेक वर्षे हॉटस्टारवर दिसत होती. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे डिजिटल हक्क जिओसिनेमा चालवणाऱ्या व्हायकॉम१८ ने घेतले आणि २०२३ चा हंगाम जिओसिनेमावर चक्क फुकट दाखवला. हॉटस्टारला त्या वर्षी क्रिकेटसाठी पैसे भरणारा ग्राहक गमवावा लागला. एचबीओच्या मालिका ३१ मार्च २०२३ नंतर हॉटस्टारवरून गेल्या आणि मे महिन्यात जिओसिनेमावर आल्या. एप्रिल २०२५ पासून डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्त्या सोनीकडून नेटफ्लिक्सकडे गेल्या. फुकट आयपीएलही टिकली नाही: हॉटस्टार आणि जिओसिनेमा यांच्या कंपन्या एक झाल्यावर, २०२५ च्या हंगामात, काही मिनिटांनंतर वर्गणी मागितली जाऊ लागली. दोन स्पर्धकांपैकी एक नाहीसा झाला की फुकटची गोष्ट किती दिवस फुकट राहते, याचे याहून स्वच्छ उदाहरण आपल्याकडे नाही. (भारतीय स्पर्धा आयोगाने या विलीनीकरणाला २८ ऑगस्ट २०२४ रोजी काही अटींसह मंजुरी दिली होती.)

यातून घ्यायचा व्यवहारी धडा असा की, वर्गणी घेताना आज, या महिन्यात आपल्याला काय पाहायचे आहे तेवढेच धरावे. ‘पुढे कधीतरी पाहू’ म्हणून ज्या गोष्टी मनात असतात त्या पुढे त्याच ॲपवर असतील याची हमी कोणी देत नाही, स्वतः ते ॲपही देत नाही.

महिना, तिमाही की वर्ष

वार्षिक प्लॅन स्वस्त वाटतो, कारण त्याच्या शेजारी मासिक दराचा बारा पट आकडा लिहिलेला असतो. तुलना वेगळ्या तऱ्हेने करावी. वार्षिक रकमेला मासिक रकमेने भागावे. जो आकडा येईल त्याहून जास्त महिने आपण ते ॲप खरोखर पाहणार असू तरच वर्षाचे पैसे भरावेत. प्राइमची वर्गणी महिन्याला २९९ आणि वर्षाला १,४९९ रुपये धरली तर भागाकार जवळजवळ बरोबर पाच येतो. म्हणजे वर्षात सहा महिने प्राइम लागत असेल तर वार्षिक प्लॅन परवडतो आणि दोन-तीन महिनेच लागत असेल तर सुटा महिना घेणे शहाणपणाचे. ज्यांच्या घरी ॲमेझॉनवरून दर आठवड्याला काही ना काही येते, त्यांनी घरपोच पाठवणीची सवलतही यात मोजावी, कारण त्यांच्यासाठी व्हिडिओ हा वरकड लाभ आहे.

जिओहॉटस्टारचा सुपर प्लॅन सुरुवातीला तीन महिन्यांसाठी २९९ आणि वर्षासाठी ८९९ रुपयांना होता. तीन तिमाहींचे ८९७ होतात, म्हणजे चौथी तिमाही दोन रुपयांत मिळते. सौदा चांगला आहे, पण ज्याला फक्त आयपीएल पाहायची आहे त्याने तो करण्याचे कारण नाही. स्पर्धा मार्चच्या अखेरीस सुरू होऊन साधारण दोन महिने चालते आणि २९९ रुपयांच्या एका तिमाहीत ती आरामात बसते. उरलेले सहाशे रुपये वाचतात आणि त्यांत वर्षभरात चार-पाच चित्रपट भाड्याने घेता येतात.

जाहिराती हा या हिशेबातला नवा घटक आहे. प्राइम व्हिडिओने १७ जून २०२५ पासून भारतात जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि त्या टाळायच्या असतील तर वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये जादा ठेवले. त्यामुळे जाहिरातींविना प्राइमचा वर्षाचा खरा दर १,४९९ नसून २,१९८ रुपये होतो. दोन ॲपची तुलना करताना दोन्हीकडे जाहिराती धराव्यात किंवा दोन्हीकडे वगळाव्यात. थेट क्रिकेटमध्ये सगळ्यात महाग प्लॅन घेतला तरी जाहिराती येतात, तेवढ्यासाठी वरचा प्लॅन घेऊ नये.

प्रत्यक्षात माझ्या मते बहुतेक घरांना एक स्थायी ॲप आणि एक फिरते ॲप एवढे पुरते. स्थायी ॲप ते, ज्यावर घरातले कोणी ना कोणी रोज काहीतरी पाहते. मराठी घरात हे बहुधा मालिकांचे ॲप निघते. फिरते ॲप दर महिन्याला किंवा दोन महिन्यांनी बदलावे. नेटफ्लिक्सचा ४९९ रुपयांचा स्टँडर्ड प्लॅन वर्षभर ठेवला तर ५,९८८ रुपये होतात. वर्षातून तीन वेगवेगळे महिने घेतला तर १,४९७ रुपयांत भागते, आणि त्या तीन महिन्यांत मधल्या काळात साठलेले सगळे पाहून होते. वर्गणी थांबवून पुन्हा सुरू केल्यावर प्रोफाइल आणि ‘माय लिस्ट’ सहसा पूर्वीसारखीच मिळते, म्हणून जाण्यापूर्वी पाहायचे राहिलेले सगळे त्या यादीत टाकून ठेवावे.

फिरत्या ॲपचा महिना निवडताना वेब मालिकेचा पहिला भाग केव्हा येतो ते पाहू नये, शेवटचा केव्हा येतो ते पाहावे. काही ॲप दर आठवड्याला एक भाग सोडतात, काही अख्खा हंगाम दोन हप्त्यांत विभागून मध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवतात. दोन्हींमागे दुसऱ्या महिन्याची वर्गणी मिळवण्याचा हेतू असतो. शेवटचा भाग आल्यावर वर्गणी घेतली तर एका महिन्यात काम होते. तोवर समाजमाध्यमांवर कथानक फुटण्याचा धोका राहतो, तो ज्याला सोसत नाही त्याने दुसऱ्या महिन्याचे पैसे आनंदाने द्यावेत.

भाड्याचा चित्रपट

कॅसेट आणि सीडी भाड्याने देणारी गल्लीतली व्हिडिओ लायब्ररी गेली, पण भाड्याचा धंदा गेला नाही. प्राइम व्हिडिओने एप्रिल २०२२ मध्ये भारतात भाड्याचे दालन उघडले आणि त्यासाठी प्राइमचे सभासद असण्याची अट ठेवली नाही. यूट्यूबवरही चित्रपट भाड्याने मिळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आमिर खान यांनी ‘सितारे जमीन पर’ हा चित्रपट चित्रपटगृहांनंतर थेट यूट्यूबवर १०० रुपये भाड्याने आणला, तेव्हा वर्गणीच्या ॲपना हक्क न विकताही प्रेक्षकापर्यंत पोहोचता येते का, याची ती उघड परीक्षा होती.

भाड्याचे नियम एकदा नीट समजून घ्यावेत. पैसे भरल्यानंतर साधारणपणे ३० दिवसांच्या आत चित्रपट सुरू करायचा असतो आणि एकदा ‘प्ले’ दाबले की ४८ तासांत तो पूर्ण करायचा असतो. त्या ४८ तासांत कितीही वेळा पाहता येतो. म्हणून भाडे आज भरले तरी हरकत नाही, मात्र चित्र-आवाज बरा आहे का हे पाहण्यासाठी उगाच दोन मिनिटे चालवून बघू नये. शुक्रवारी रात्री असे केले आणि पाहुणे रविवारी रात्री उशिरा जेवून चित्रपटाला बसले, तर मध्यंतरापूर्वीच मुदत संपायची. पैसे भरण्याआधी त्या पानावर भाषा आणि सबटायटल यांची नोंद वाचावी. दक्षिणेकडचा चित्रपट मूळ भाषेत आणि हिंदीत अशा दोन स्वतंत्र नोंदींत असू शकतो आणि भाडे एका नोंदीपुरते असते.

वेळ साधण्याचाही प्रश्न आहे. देशभर पसरलेल्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदी चित्रपटासाठी प्रदर्शन आणि ओटीटी यांच्यात आठ आठवड्यांचे अंतर मागतात. तमिळ आणि तेलुगूत हे अंतर चार आठवड्यांचे असते. चित्रपटगृहातून उतरलेले बरेच चित्रपट प्राइम व्हिडिओवर आधी भाड्याने येतात आणि थोड्या आठवड्यांनी सर्व सभासदांसाठी खुले होतात. ज्याच्याकडे प्राइम आहे त्याने भाड्याचे बटण दिसताच घाई करू नये. ज्याच्याकडे नाही, आणि महिन्याला एक-दोनच चित्रपट पाहायचे आहेत, त्याला भाडे बहुतेक वेळा वर्गणीहून स्वस्त पडते. चारजणांच्या कुटुंबाला मल्टिप्लेक्सची तिकिटे काढण्याच्या तुलनेत तर त्याचा विचारही करावा लागत नाही.

घरात लहान मुले असतील आणि टीव्हीवर खाते उघडे असेल, तर खरेदी आणि भाड्यासाठी पिन घालून ठेवावा. रिमोटचे एक बटण आणि जोडलेले कार्ड एवढ्यावर भाडे वसूल होऊ शकते.

ज्या पडद्यावर पाहणार, त्याच्यापुरतेच पैसे

महाग प्लॅन म्हणजे प्रामुख्याने जास्त स्पष्ट चित्र आणि एकाच वेळी जास्त पडदे. आपल्या उपकरणाला ते चित्र दाखवता येते का हे न पाहता लोक वरचा प्लॅन घेतात. अँड्रॉइड फोनमध्ये वाइडवाइन नावाची हक्कसंरक्षणाची सोय असते आणि तिचे एल१ व एल३ असे स्तर असतात. फोन एल३ असेल तर पडदा कितीही चांगला असला, तरी अनेक ॲप त्यावर ४८० पिक्सेलचेच चित्र पाठवतात. नेटफ्लिक्सच्या ॲप सेटिंग्जमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ उघडले की आपला फोन कोणत्या स्तराचा आहे हे तिथे लिहिलेले दिसते. एल३ दिसला तर फोनसाठी एचडी प्लॅनचे पैसे वाया आहेत. तसेच टीव्ही फोर-के नसेल तर फोर-केचा प्लॅन फक्त जादा पडद्यांसाठी घेतल्यासारखा होतो.

डेटाही मोजावा. एचडी चित्राला तासाला सुमारे ३ जीबी आणि फोर-केला सुमारे ७ जीबी लागतात, म्हणजे रोज २ जीबी देणाऱ्या मोबाइल रिचार्जवर एचडी चित्रपट चाळीस मिनिटांत थांबेल. वायफाय नसलेल्या ठिकाणी ॲपमधली गुणवत्ता ‘डेटा सेव्हर’वर ठेवावी किंवा आधीच डाउनलोड करून घ्यावे.

एक वर्गणी दोन घरांत वाटून घेण्याची सवय आता अवघड झाली आहे. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतातही खाते एकाच घरापुरते मर्यादित केले. प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२५ पासून पाच उपकरणांची मर्यादा घातली आणि त्यांत टीव्ही दोनच. पुण्यातला भाऊ आणि नाशिकची बहीण यांनी खर्च वाटून घ्यायचा असेल तर आधी हा नियम वाचावा.

रिचार्जसोबत मिळणारी वर्गणी

मोबाइल किंवा फायबरच्या प्लॅनमध्ये ओटीटी ‘मोफत’ असते, तेव्हा तीन गोष्टी तपासाव्यात. ती वर्गणी फक्त मोबाइलपुरती आहे की टीव्हीवर चालते. ओटीटी वगळलेला तसाच प्लॅन कितीला आहे. आणि आपण तीच वर्गणी स्वतंत्रपणे भरतो आहोत का. तिसऱ्या बाबतीत सर्वाधिक पैसे वाया जातात. फायबरसोबत आलेली वर्गणी सुरू करायची राहून जाते आणि जुन्या कार्डावरून पैसे कापले जात राहतात. मिळालेली वर्गणी त्याच मोबाइल क्रमांकाने लॉग-इन करून चालू करावी लागते आणि रिचार्ज संपले की तीही संपते.

सोडताना

सोडण्याची तयारी घेतल्याच दिवशी करावी. वर्गणी घेतल्यावर लगेच खात्यात जाऊन नूतनीकरण बंद केले तरी भरलेल्या मुदतीपर्यंत ॲप सहसा चालू राहते, त्यामुळे तारीख लक्षात ठेवण्याची कटकट उरत नाही.

ॲप फोनवरून काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. पैसे कोणत्या वाटेने जातात ते पाहून त्याच वाटेने थांबवावे लागते. गूगल प्ले किंवा ॲपलमार्फत घेतली असेल तर त्यांच्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन ती रद्द करावी. कार्डावरून किंवा थेट घेतली असेल तर त्या ओटीटीच्या संकेतस्थळावरील खात्यात रद्द करावी. अनेकदा टीव्हीवरच्या ॲपमध्ये रद्द करण्याची सोय नसते आणि ब्राउझर उघडावा लागतो. यूपीआयवरून असेल तर वर्गणी रद्द केल्यानंतर आपल्या यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’ या भागात जावे, चालू मॅन्डेटची (म्हणजे आपोआप वजावटीसाठी दिलेल्या परवानग्यांची) यादी पाहावी आणि त्या नावापुढचे मॅन्डेटही रद्द करावे. प्राइम व्हिडिओमध्ये वेगळे पैसे भरून जोडलेली इतर चॅनल असतील तर ती एकेक करून स्वतंत्रपणे थांबवावी लागतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आपोआप होणाऱ्या प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते, आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या वजावटीला दर वेळी ओटीपी मागितला जात नाही. म्हणूनच तो आगाऊ एसएमएस जाहिरात समजून पुसू नये. नको असलेली वजावट थांबवण्याची ती शेवटची संधी असते.

रद्द करण्याचे बटण सापडू नये अशी रचना करणे, किंवा ते दाबल्यावर ग्राहकाला पानांमागून पानांत फिरवत ठेवणे, ही आता नुसती गैरसोय राहिलेली नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ फसव्या रचना नमूद केल्या आहेत आणि वर्गणीचा सापळा ही त्यांतलीच एक आहे. ॲपच्या ग्राहकसेवेकडे लेखी तक्रार करूनही पैसे परत मिळाले नाहीत, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी वर्गणी रद्द केल्याच्या पानाचा तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट, रद्द झाल्याची ईमेल, वजावटीचा एसएमएस, बँक विवरणातला व्यवहार क्रमांक आणि ग्राहकसेवेने दिलेला तक्रार क्रमांक एवढे हाताशी ठेवावे.